ध्वनिमुद्रण कक्षासाठी बास ड्रम पेडलची निवड : एक विवेचन

सारांश

संगीत अथवा जनसंवाद विभागासाठी ध्वनिमुद्रण कक्ष उभारताना मायक्रोफोन, मिश्रणयंत्र आणि संगणक यांची निवड काळजीपूर्वक केली जाते. ड्रमसंचासोबत येणाऱ्या पायपेडलकडे मात्र किरकोळ साहित्य म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात हे उपकरण स्वतःच आवाज करू लागले, तर तो आवाज मुद्रणात कायमचा उतरतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही. रंगमंचावरील आणि ध्वनिमुद्रण कक्षातील पेडल यांचे निकष भिन्न का असतात, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. तसेच निवड, परीक्षण, खरेदी व देखभाल यांसंबंधी व्यवहार्य सूचना केल्या आहेत.

बीजसंज्ञा : बास ड्रम, पेडल, बीटर, ध्वनिमुद्रण, यांत्रिक आवाज.

प्रस्तावना

पाश्चात्त्य ड्रमसंचातील सर्वांत मोठा ड्रम जमिनीवर आडवा ठेवलेला असतो आणि तो पायाने वाजविला जातो. या वादनासाठी जे साधन वापरतात ते बास ड्रम पेडल होय. शिकागो येथील विल्यम एफ. लुडविग यांनी १९०९ साली अशा पेडलच्या रचनेचे एकस्व मिळविले. पायाने जलद आणि सहज वाजविता येणारे हे साधन उपलब्ध झाल्यामुळे एकाच वादकाला संपूर्ण संच हाताळणे सुकर झाले. १९३७ साली बाजारात आलेले ‘स्पीड किंग’ हे पेडल पुढील कित्येक दशके वादकांच्या पसंतीस उतरले. पट्ट्याऐवजी सायकलच्या साखळीसारखी चेन वापरण्याची पद्धत त्यानंतर रूढ झाली. कॅलिफोर्नियातील ‘ड्रम वर्कशॉप’ या १९७२ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या ५००० मालिकेतील पेडलचा त्या प्रसारात मोठा वाटा आहे.

पेडलच्या या विकासामागील मुख्य प्रेरणा वेग, ताकद आणि टिकाऊपणा या होत्या. त्या सर्व रंगमंचाच्या गरजा आहेत. ध्वनिमुद्रण कक्षाची पहिली गरज वेगळी आहे. तेथे पेडलने ड्रम वाजवावा आणि स्वतः मूक राहावे, एवढीच प्राथमिक अपेक्षा असते. या अपेक्षेचे महत्त्व पुढील उदाहरणावरून लक्षात येईल.

एक प्रसिद्ध उदाहरण

लेड झेपेलिन या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ हे संथ लयीचे गीत आहे. त्यात वादक जॉन बॉनम यांच्या स्पीड किंग पेडलची करकर स्पष्टपणे ऐकू येते. गीत संथ असल्यामुळे आघातांमधील अंतर मोठे आहे आणि त्या शांततेत ही करकर लपून राहत नाही. रसिकांनी आज ती त्या मुद्रणाची ओळख म्हणून स्वीकारली आहे. तथापि एका असामान्य वादनामुळे दोष सुसह्य झाला, म्हणून तो दोष नव्हता असे म्हणता येणार नाही. तीच करकर विद्यार्थ्याच्या परीक्षेसाठीच्या मुद्रणात, एखाद्या ज्येष्ठ कलावंताच्या अभिलेखात्मक मुद्रणात किंवा रेडिओच्या कार्यक्रमात आली, तर तेथे ती खपवून घेतली जाणार नाही.

पेडलचा आवाज नंतर का काढता येत नाही?

संगणकीय संपादनाच्या काळात कोणताही नकोसा आवाज पुसता येतो, असा समज रूढ आहे. पेडलच्या बाबतीत तो फारसा उपयोगी पडत नाही. याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण कंपनसंख्येशी संबंधित आहे. २२ इंच व्यासाच्या बास ड्रमचा मूळ स्वर साधारणपणे ५० ते ८० हर्ट्झच्या परिसरात असतो. परंतु आघाताची ‘खट्’ अशी धार सुमारे २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात ऐकू येते. बिजागरीची किंवा स्प्रिंगची करकरही बहुधा याच पट्ट्यात असते आणि मानवी कान याच पट्ट्याला सर्वाधिक संवेदनशील असतो. परिणामी करकर गाळावयास जावे तर आघाताची धार बोथट होते. उलटपक्षी धार वाढविण्यासाठी हा पट्टा ६ डेसिबेलने उचलला, तर करकरीचा आयामही दुप्पट होतो.

दुसरे कारण कॉम्प्रेसरच्या वापराचे आहे. हे उपकरण मोठे आवाज दाबते आणि त्यानंतर एकंदर पातळी वाढविली जाते. या प्रक्रियेत दोन आघातांमधील बारीक आवाज वर येतात. मुद्रण करताना जी कुरकुर जाणवली नव्हती, ती अंतिम मिश्रणात ठळक होते.

तिसरे कारण मायक्रोफोनच्या संख्येचे आहे. ड्रमसंचासाठी एकाच वेळी अनेक मायक्रोफोन लावलेले असतात. बास ड्रमच्या वाहिनीवर नॉइज गेट लावून आघातांमधील आवाज बंद करता येतो, हे खरे आहे. मात्र पेडलचा आवाज स्नेअर ड्रमच्या आणि डोक्यावरील मायक्रोफोनमध्येही शिरलेला असतो. त्या वाहिन्यांवर झांजांचा नाद सतत चालू असल्याने तेथे गेट उपयोगी पडत नाही. बास ड्रमचा मूळ ध्वनी काढून त्याजागी दुसरा नमुना बसविला, तरी इतर वाहिन्यांतील करकर कायम राहते.

यावरून एक क्रम निश्चित होतो. ध्वनिमुद्रण कक्षासाठी पेडल निवडताना प्रथम शांतता, त्यानंतर बीटर, त्यानंतर जुळवणीची सोय आणि शेवटी वेग यांचा विचार करावा.

पेडलची रचना व आवाजाची उगमस्थाने

पायाची पट्टी, टाचेची पट्टी, त्यांना जोडणारी बिजागरी, पट्टीला वरच्या दांड्याशी जोडणारा दुवा, दांड्यावरील चाक, बीटर, बीटरला मागे खेचणारी स्प्रिंग आणि ड्रमच्या कड्याला पकडणारा शिकंजा हे पेडलचे प्रमुख भाग होत. धातू धातूवर घासला जातो अशा प्रत्येक जागी आवाजाची शक्यता असते. स्प्रिंग जेथे अडकविलेली असते तो सांधा, टाचेची बिजागरी आणि सैल झालेला शिकंजा ही तीन ठिकाणे विशेष संशयास्पद होत. स्प्रिंग स्वतःही तारेसारखी झंकारते.

दुव्याचे तीन प्रकार प्रचलित आहेत. पट्टा हा सामान्यतः सर्वांत शांत असतो. मात्र तो कालांतराने झिजतो व प्रसंगी ताणला जातो. चेन टिकाऊ असते. ती स्वच्छ आणि वंगणयुक्त असेल तर तिचा आवाज अत्यल्प असतो. चेनखाली पूर्ण लांबीचा धातूचा तळपत्रा असल्यास पेडल बाजूला डुलत नाही. तिसऱ्या प्रकारात लवचीक दुव्याऐवजी घट्ट दांडी असते. अशा थेट जोडणीच्या पेडलमध्ये पायाच्या हालचालीचा प्रतिसाद तत्काळ मिळतो. त्यातील सांध्यांत किंचितही ढिलाई आली, तर मात्र ती टकटक करू लागते. म्हणून थेट जोडणीचे पेडल घ्यावयाचे असल्यास ते उत्तम दर्जाचेच घ्यावे.

चाकाचा आकारही विचारात घ्यावा लागतो. वर्तुळाकार चाकामुळे बीटरची गती पायाच्या गतीच्या प्रमाणात राहते. केंद्रापासून सरकविलेल्या चाकामुळे आघाताच्या अखेरीस बीटर वेग घेतो आणि ठोका जोरकस होतो. तामा कंपनीच्या ‘आयर्न कोब्रा’ मालिकेत ‘रोलिंग ग्लाइड’ आणि ‘पॉवर ग्लाइड’ अशा नावांनी हे दोन्ही प्रकार मिळतात. पर्ल कंपनीच्या ‘एलिमिनेटर’मध्ये चाक बदलण्याची सोय आहे. अनेक वादक वापरणार असतील अशा कक्षात वर्तुळाकार चाक अधिक सोयीचे ठरते, कारण त्याची सवय लवकर होते आणि हलके ठोके एकसारखे येतात.

बीटर : ध्वनीचा खरा निर्णायक घटक

ढोलाचे टिपरू बदलले की ढोलाचा बोल बदलतो, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव आहे. बास ड्रमच्या बीटरला तोच नियम लागू पडतो. कठीण बीटर ड्रमच्या पानाला अत्यल्प काळ स्पर्श करतो. स्पर्शकाळ जितका अल्प, तितका आघाताचा वर्णपट विस्तृत. म्हणून लाकडी वा प्लास्टिकच्या बीटरने ‘खट्’ अशी धार मिळते. मऊ बीटरचा स्पर्शकाळ दीर्घ असल्याने उच्च कंपने कमी होतात आणि ध्वनी गोलसर होतो. लोकरीचा बीटर सर्वांत मृदू, फेल्टचा मध्यम, तर रबर, प्लास्टिक व लाकूड हे क्रमाने अधिक धारदार परिणाम देतात, असा ढोबळ क्रम मांडता येईल. बीटरचे वजन आणि आघात करणाऱ्या पृष्ठाचा आकार यांचाही परिणाम होतो. सपाट बीटरचा पृष्ठभाग पानावर पूर्ण टेकला नाही, तर त्याची कडा पानात रुतते आणि पान लवकर फाटते.

जाझ, सुगम संगीत किंवा संथ गीत यांसाठी फेल्ट अथवा लोकर, तर रॉक व तत्सम शैलींसाठी लाकूड वा प्लास्टिक, असा संकेत आहे. एकाच पेडलसोबत तीन प्रकारचे बीटर ठेवले, तर अल्प खर्चात तीन निराळे ध्वनी मिळतात. एका बाजूस फेल्ट व दुसऱ्या बाजूस प्लास्टिक असलेले दुतर्फी बीटरही उपलब्ध आहेत. महागडे दुसरे पेडल घेण्यापेक्षा हा मार्ग शैक्षणिक संस्थेस अधिक परवडणारा आहे. फेल्ट वापराने दबून कठीण होत जाते, त्यामुळे ते ठरावीक काळाने बदलावे.

आघाताची जागाही महत्त्वाची आहे. पानाच्या मध्यावरील ठोक्यात मूळ स्वर बळकट असतो. मध्यापासून दूर गेल्यास अधिस्वर वाढतात. २२ इंची ड्रमचा मध्य कडेपासून ११ इंचांवर येतो, तर १८ इंची ड्रमचा ९ इंचांवर. म्हणून बीटरची दांडी वरखाली करण्याची सोय पुरेशी आहे ना, हे पाहावे. लहान ड्रमसाठी तो खालून उचलणारा आधारही लागतो.

एकेरी की दुहेरी?

दुहेरी पेडलमध्ये डाव्या पायाची हालचाल एका दांडीद्वारे उजवीकडील दुसऱ्या बीटरपर्यंत पोहोचविली जाते. दांडीच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. सांधे वाढले की आवाजाच्या जागाही वाढतात आणि दोन बीटरांच्या ठोक्यांत किंचित फरक पडण्याची शक्यता असते. मेटलसारख्या शैलींचे मुद्रण नियमित होत नसेल, तर त्याच रकमेत उच्च दर्जाचे एकेरी पेडल घेणे श्रेयस्कर होय. ज्यांना दुहेरी पेडल लागते असे वादक बहुधा स्वतःचे साधन सोबत आणतात.

परीक्षण व खरेदी

महाविद्यालयीन खरेदीत दरपत्रके मागविली जातात आणि तपशील मोघम असल्यास सर्वांत कमी दराची वस्तू स्वीकारावी लागते. ‘बास ड्रम पेडल, नग १’ एवढीच नोंद केल्यास हलके व आवाज करणारे पेडल पदरी पडण्याची शक्यता असते. त्याचे मूल्य मग त्या कक्षात होणाऱ्या प्रत्येक मुद्रणाने चुकवावे लागते. यास्तव तपशीलपत्रकात पूर्ण तळपत्रा, बेअरिंगयुक्त बिजागरी, स्प्रिंगचा ताण, बीटरचा कोन व पट्टीचा कोन यांची स्वतंत्र जुळवणी, स्थान घट्ट ठेवणारे कुलूप, सुटे भाग मिळण्याची हमी आणि प्रात्यक्षिकानंतरच स्वीकृती या बाबी स्पष्टपणे नमूद कराव्यात.

प्रात्यक्षिक पुढील क्रमाने घ्यावे. पेडल ड्रमला न जोडता शांत खोलीत ठेवावे, एक फूट अंतरावर ध्वनिमुद्रक ठेवून पट्टी अतिशय सावकाश दाबावी व सोडावी. करकर बहुधा संथ हालचालीत उघड होते. त्यानंतर हीच कृती जलद करावी. पट्टी हाताने बाजूला हलवून बिजागरीतील ढिलाई तपासावी. शेवटी पेडल ड्रमला जोडून समान जोराचे तीस ठोके मुद्रित करावेत आणि ते हेडफोनवर ऐकावेत. ठोक्यांतील सारखेपणा, बीटरचे अनाहूत दुहेरी उसळणे आणि पेडल पुढे सरकणे या तीन गोष्टी त्यातून कळतात.

देखभाल

चांगले पेडलही निगेअभावी बोलू लागते. सांध्यांना ठरावीक काळाने हलके यंत्रतेल द्यावे. पट्टा व फेल्ट यांना मात्र तेल लागू देऊ नये. स्प्रिंगच्या पोकळीत फोमचा तुकडा घातल्यास तिचा झंकार थांबतो. मुंबई व कोकणातील पावसाळी हवेत पोलादी भाग गंजतात, म्हणून वापरानंतर पेडल पुसून कोरड्या जागी ठेवावे. ड्रमसंचाखाली जाड सतरंजी अंथरावी. मुद्रणापूर्वी सर्व स्क्रू घट्ट करावेत. वादकाचे आसन व पादत्राणे यांचाही आवाज तपासावा, कारण त्यांचा दोष पुष्कळदा पेडलच्या माथी मारला जातो.

समारोप

पेडलचे मोल त्याच्या किमतीवरून किंवा वेगावरून ठरविणे ध्वनिमुद्रण कक्षाच्या दृष्टीने अपुरे आहे. मायक्रोफोन काय ऐकणार आहे, हा येथील खरा निकष होय. शांत सांधे, योग्य बीटर आणि सहज जुळवणी या तीन गुणांनी युक्त असे मध्यम किमतीचे पेडलही कक्षाची गरज समाधानकारकपणे भागवू शकते. विद्यार्थी पुन्हा वाजवू शकतो. परंतु अभ्यागत कलावंताचे ते वादन त्याच रूपात पुन्हा मिळत नाही. म्हणून खरेदी समितीपुढे तपशीलपत्रक ठेवण्यापूर्वी ज्यांना त्या कक्षात मुद्रण करावयाचे आहे अशा अध्यापकांनी व वादकांनी पेडल स्वतः पायाखाली घेऊन, मुद्रित करून आणि ऐकून पाहणे अगत्याचे आहे.