एकच ऊस, दोन नोंदी

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याकडे कागल, राधानगरी, भुदरगड आणि करवीर तालुक्यांतून ऊस येतो. याच पट्ट्यात कागलचा शाहू, हमीदवाड्याचा मंडलिक आणि परितेचा भोगावती हे कारखानेही आहेत. कारखाने असे जवळजवळ असले, की तोड वेळेवर मिळावी म्हणून काही शेतकरी एकच ऊस दोन ठिकाणी नोंदवून ठेवतात. त्यांना दोष देणं सोपं आहे, पण तुरा आलेला आडसाली ऊस फडात वाळत असताना पाळीची वाट बघणं किती कठीण, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. मात्र दोन्ही याद्यांची बेरीज केली, की शिवारात नसलेला ऊस कागदावर उगवतो. आणि गाळपाचा अंदाज, तोडणी टोळ्या, वाहनं हे सगळं त्या बेरजेवरच ठरतं.

एकाच यादीतही असं होतं. लावण तुटली, खोडव्याची नवी नोंद झाली आणि जुनी नोंद बंद करायची राहिली, तर एकच रान दोनदा दिसतं.

अशा जोडनोंदी शोधायच्या कशा? समजा यादीत 50 हजार प्लॉट आहेत. प्रत्येकाची इतर प्रत्येकाशी तुलना केली, तर सुमारे 125 कोटी तुलना होतील. यावरचा उपाय आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी 1953मध्ये मांडला. नोंदीतल्या ओळखीवरून गणिताने एक क्रमांक काढायचा आणि त्या क्रमांकाच्या कप्प्यात ती नोंद ठेवायची. नवी नोंद आली की फक्त तिचा कप्पा उघडून बघायचा. याला हॅशिंग म्हणतात. 125 कोटींचं काम 50 हजार वेळा कप्पा उघडण्यावर येतं.

खरा पेच पुढे आहे: ओळख कशाला मानायची? नावाला मानावं, तर एकेका गावात एकाच नावाचे कितीतरी पाटील. शिवाय संगणक अक्षराचं रूप बघत नाही, त्यामागचे अंक बघतो. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी माणसं वाटतात. त्यामुळे तुलनेआधी सगळं लेखन एकाच पद्धतीत आणावं लागतं.

गट नंबर अधिक भरवशाचा, पण तो त्या गावापुरताच. एका गटात चार भावांचे हिस्से असतात; एकाच भावाच्या हिश्श्यात अर्धी आडसाली लावण आणि अर्धा खोडवा असतो. या नोंदी जोडनोंदी नव्हेत. माझ्या मते इथली चूक सर्वांत महाग पडते. दोनदा मोजलेल्या उसाने हिशेब बिघडतो, पण खरी नोंद जोडनोंद समजून पुसली, तर एका घराचं वर्षाचं पीक तोडीविना उभं राहतं.

कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातले इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी 1969मध्ये या प्रश्नाचं गणित मांडलं. नाव, गाव, क्षेत्र, लावणीची तारीख अशा प्रत्येक जुळणीला ती किती दुर्मीळ आहे त्यानुसार गुण द्यायचे. ‘पाटील’ जुळलं तर थोडे, क्वचित आढळणारं आडनाव जुळलं तर जास्त. एकूण गुण भरपूर असतील तर नोंद एकच, फार कमी असतील तर वेगळी. मधल्या नोंदी माणसाने तपासायच्या, म्हणजे इथे कारखान्याच्या चिटबॉयने बांधावर जायचं.

आता मोबाईलच्या जीपीएसवर बांधाभोवती फिरून प्लॉटचा नकाशा घेता येतो. दोन नकाशे एकमेकांवर पडले की संशय घ्यायचा. पण दहा गुंठ्यांचा चौकोनी तुकडा म्हणजे बाजू जेमतेम 32 मीटर. जीपीएस दोन्ही दिशांना पाच-पाच मीटर सरकलं, तर त्याच रानाचे दोन नकाशे 71 टक्केच जुळतात. उलट शेजारचं वेगळं रान पाच मीटर आत सरकून 16 टक्के जुळल्यासारखं दिसतं. दोन एकरांच्या प्लॉटला लावलेली कसोटी दहा गुंठ्यांना चालत नाही. क्षेत्र लहान होईल तशी ती सैल करावी लागते.