पाणी साठवणारा दगड

मिठाचा एक खडा भिंगाखाली धरून पाहावा. त्याच्या कडा सरळ आणि कोपरे काटकोनी दिसतात. तो फोडला, तरी तुकडे बहुधा तशाच आकाराचे निघतात. मिठाचे कण कवायतीतील मुलांप्रमाणे नेमक्या अंतरावर, रांगेने उभे असतात, त्याचाच हा परिणाम होय. अशी नियमबद्ध अंतर्रचना असलेल्या पदार्थाला स्फटिक म्हणतात. बहुतेक सर्व खनिजे स्फटिकरूपच असतात. परंतु भूमीच्या पोटात असेही काही पदार्थ सापडतात की, ज्यांच्या अणूंना रांग ठाऊक नाही. लाव्हा झटपट थिजून झालेली काळी काच, म्हणजे ऑब्सिडियन, हा त्यांपैकी एक. ओपल हे रत्न दुसरे. परंपरेने ओपलला खनिजांच्या यादीत जागा मिळाली आहे. पण काटेकोर व्याख्या लावली, तर ते तीत नीट बसत नाही.

१९१५ सालच्या फेब्रुवारीतील गोष्ट. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष माळरानात काही माणसे सोने शोधीत हिंडत होती. सोने मिळाले नव्हते आणि पाणीही संपत आले होते. त्यांच्यात विली हचिसन हा १४ वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आला होता. पाण्याच्या शोधात फिरताना त्याला जमिनीवर चकाकणारे खडे दिसले. ते ओपल होते! पुढे तेथे कूबर पीडी हे गाव वसले. तेथील उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्याही वर चढतो. म्हणून अनेक कुटुंबे टेकडीच्या पोटात खोदलेल्या घरांत राहतात.

मौज अशी की, विलीला सापडलेल्या दगडातही पाणी होतेच. वाळूचा मुख्य घटक जो सिलिका, तो अल्प प्रमाणात पाण्यात विरघळतो. असे पाणी झिरपत खडकांच्या भेगांत उतरते. तेथे ते सावकाश आटते आणि मागे उरलेला सिलिकाचा लगदा घट्ट होतो. हेच ओपल. पण सगळे पाणी निघून जात नाही; काही आतच अडकून राहते. उत्तम ओपलात ते वजनाच्या ६ ते १० टक्के असते.

ओपल हलवले की त्यात तांबडा, हिरवा, निळा असे रंग खेळू लागतात. हे रंग येतात कोठून, हे कोडे पुष्कळ दिवस सुटले नव्हते. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ जे. व्ही. सँडर्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने ओपलचे अंतरंग न्याहाळले. त्यांना सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे दिसले. ते इतके लहान असतात की, एका मिलिमीटरच्या लांबीत काही हजार गोळे मावावेत. फळवाल्याने मोसंबी रचावीत, तसे ते एकसारख्या आकाराचे गोळे थरांवर थर रचलेले होते. या थरांमधून परतताना प्रकाशातील रंग वेगवेगळे होतात. म्हणजे अणूंना शिस्त नाही, पण त्यांच्या गोळ्यांना आहे! गोळे लहानमोठे आणि अस्ताव्यस्त असले, की रंग खेळत नाहीत. असा ओपल निस्तेज दिसतो. खाणीत बहुतेक तोच निघतो.

आतले पाणी हेच या रत्नाचे दुखणेही आहे. काही ओपल कोरड्या हवेत किंवा उष्णतेने पाणी गमावतात आणि त्यांना बारीक तडे जातात. इथिओपियातील वेलो भागाचे ओपल तर उलट पाणी शोषून घेतात. ते पाण्यात बुडवून ठेवले, की हळूहळू पारदर्शक होतात आणि त्यांचे रंग दिसेनासे होतात. बाहेर काढून काही दिवस वाळू दिले, की ते रंग परत येतात.