अमेरिकी विद्यापीठांतला वंश आणि प्रवेश

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत कृष्णवर्णीयांना आरक्षण होते आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात राखीव जागा तिथे 1978 मध्येच मोडीत निघाल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने 100 पैकी 16 जागा अल्पसंख्याकांसाठी ठेवल्या होत्या. ॲलन बाकी या श्वेतवर्णीय उमेदवाराच्या खटल्यात ती पद्धत बेकायदा ठरली. मात्र वर्गात विविधता असावी म्हणून वंश हा अनेक घटकांपैकी एक धरायला न्यायालयाने मुभा दिली. भारतातल्यासारखी ठरलेली टक्केवारी, प्रवर्गाची वेगळी गुणवत्ता यादी, जातीचा दाखला यांतले तिथे काहीच नव्हते. अर्जात वंश उमेदवारानेच लिहायचा, तोही वाटल्यास.

वंशासाठी ठोक गुण देणेही चालत नसे. मिशिगन विद्यापीठ पदवी प्रवेशाच्या 150 गुणांपैकी 20 त्यासाठी देत असे. 2003 मध्ये न्यायालयाने ते थांबवले आणि त्याच दिवशी त्या विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाची, प्रत्येक अर्ज समग्रपणे पाहण्याची पद्धत मान्य केली. हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांविरुद्धच्या 29 जून 2023 च्या निकालाने संपली ती ही मुभा. तरीही अर्जात वंशाचा उल्लेखच करता येत नाही, हा समज खरा नाही. वंशामुळे आयुष्यात काय सोसले, त्यातून काय घडले, हे उमेदवार निबंधात लिहू शकतो. मात्र बंद झालेली पद्धत निबंधाच्या आडून चालवू नये, असेही सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बजावले आहे.

वंश वगळला की उरते ती निव्वळ गुणवत्ता, हा समज सर्वांत चिवट. हार्वर्ड खटल्यात बाहेर आलेल्या आकडेवारीच्या अभ्यासात प्रवेश मिळालेल्या श्वेतवर्णीयांपैकी 43 टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची किंवा कर्मचाऱ्यांची मुले, नाहीतर देणगीदारांशी संबंधित खास यादीतले निघाले. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि आशियाई विद्यार्थ्यांत हे प्रमाण 16 टक्क्यांहून कमी होते. वाडवडिलांच्या पुण्याईवर मिळणाऱ्या या झुकत्या मापाला 2023 च्या निकालाने हात लावला नाही.

निकालाचा फायदा सगळीकडे आशियाई विद्यार्थ्यांना झाला, असेही नाही. 2024 च्या प्रवेशांत एमआयटीमध्ये त्यांचा वाटा सुमारे 40 वरून 47 टक्क्यांवर गेला आणि कृष्णवर्णीयांचा 13 वरून 5 वर घसरला. येलमध्ये मात्र कृष्णवर्णीय 14 टक्क्यांवरच राहिले आणि आशियाई 30 वरून 24 वर आले. एका वर्षाच्या आकड्यांवरून कायमचा कल ठरवणे घाईचे होईल. वंश न लिहिणाऱ्यांची संख्या बदलली तरी टक्केवारी हलते.

मुंबई-पुण्याहून थेट तिकडे शिकायला जाणाऱ्यांच्या बाबतीतही घोटाळा होतो. अमेरिकेत वाढलेली, तिथले नागरिक असलेली मराठी कुटुंबांतली मुले आशियाई अमेरिकी गटात मोजली जातात. विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांची नोंद विद्यापीठांच्या आकडेवारीत सहसा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी म्हणून वेगळी होते.