बास्केटबॉलचे स्पेसिंग आणि फुटबॉलची चढाई

एका बचावपटूला एकाच वेळी दोघांवर लक्ष ठेवता येऊ नये, अशा बेताने चढाई करणाऱ्या संघाने खेळाडूंमधले अंतर राखणे म्हणजे स्पेसिंग. बास्केटबॉलमध्ये हा विचार पक्का मुरलेला आहे आणि फुटबॉलचे प्रशिक्षकही तो हाताळतात. मात्र त्यातले काय उचलता येते आणि काय नाही, याविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : स्पेसिंग म्हणजे मैदानभर पांगणे.
नुसते लांब उभे राहून जागा मिळत नाही. बास्केटबॉल कोर्टच्या कोपऱ्यातला चांगला नेमबाज चेंडूला हात न लावताही एका बचावपटूला स्वतःजवळ अडकवून ठेवतो, कारण त्याला मोकळे सोडले तर तीन गुण जाऊ शकतात. त्याच कोपऱ्यात नेम कच्चा असलेला खेळाडू उभा केला, तर बचावपटू त्याला खुशाल सोडून बास्केटखाली गर्दी करायला जातो. अंतर तेच, परिणाम उलटा. सोडून देण्याची किंमत मोजावी लागत असेल, तरच त्या अंतराला अर्थ असतो.

फुटबॉलमध्येही तेच दिसते. 2017-18 च्या हंगामात मँचेस्टर सिटीचे विंगर सने आणि स्टर्लिंग अनेकदा दोन्ही टचलाइनला अगदी चिकटून उभे राहत. फुल-बॅक विंगरकडे सरकला की त्याच्या आणि सेंटर-बॅकच्या मध्ये फट पडे आणि डी ब्रॉयन किंवा डेव्हिड सिल्वा तिथे घुसत. फुल-बॅक आतच थांबला तर विंगरला चेंडू मिळे आणि धावायला मोकळे रान. दोन्हीकडून पंचाईतच! सिटीने त्या वर्षी लीगमध्ये 100 गुण आणि 106 गोल केले. त्याचे सगळे श्रेय मांडणीला देणे भाबडेपणाचे ठरेल. विंगर वेगवान नसते, तर ती मांडणी कागदावरच राहिली असती.

गैरसमज : बास्केटबॉलची मांडणी जशीच्या तशी फुटबॉलमध्ये चालते.
बास्केटबॉलचे कोर्ट 28 × 15 मीटरचे, तर फुटबॉलचे मैदान साधारण 105 × 68 मीटरचे. कोर्टच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आडवा पास क्षणात पोहोचतो. फुटबॉलमध्ये चेंडू या बगलेकडून त्या बगलेला जाईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात सगळी बचावफळी सरकते. शिवाय लांबून मारलेला गोलही एकच मोजला जातो. त्यामुळे पलीकडचा विंगर काही काळ मोकळा सोडणे बचावाला परवडते. म्हणूनच चांगले संघ आधी छोट्या पासांनी प्रतिस्पर्ध्याला एका बाजूला खेचतात आणि मगच चेंडू दुसरीकडे फिरवतात.

दुसरा फरक ऑफसाइडचा. तीन सेकंदांच्या मर्यादेत बास्केटबॉलपटू बास्केटखाली उभा राहू शकतो. फुटबॉलमध्ये बचावफळी पुढे सरकून खेळाची जागाच आखडून टाकते. त्या फळीमागची जागा उभे राहून मिळत नाही, ती वेळ साधून धावत गाठावी लागते.

गैरसमज : फुटबॉल मैदान रुंद वापरायला बास्केटबॉलकडून शिकला.
हे कालक्रमाशी जुळत नाही. रिनस मिखल्स यांचा आयाक्स संघ 1970 च्या सुमारास चढाईत मैदान रुंद करत होता आणि योहान क्रायफ यांनी तोच विचार पुढे बार्सिलोनात रुजवला. एनबीएमध्ये तीन गुणांची रेषा आली ती 1979-80 मध्ये. त्या हंगामात एक संघ सामन्यामागे सरासरी तीनदेखील फटके त्या रेषेमागून मारत नव्हता. 2018-19 मध्ये ही सरासरी 32 वर गेली. अर्थात बास्केटबॉलमध्येही अंतराचा विचार त्या रेषेहून जुना आहे. प्रशिक्षक टेक्स विंटर यांच्या ‘ट्रँगल ऑफेन्स’मध्ये शेजारच्या खेळाडूंत 15 ते 18 फूट अंतर राखायचे असे. दोन्ही खेळ बऱ्याच अंशी आपापल्या वाटेने इथवर आले.

गैरसमज : बास्केटबॉलसारखे आड उभे राहणे फुटबॉलमध्ये फाउलच ठरते.
बास्केटबॉलमध्ये एक खेळाडू बचावपटूच्या वाटेत स्थिर उभा राहून सहकाऱ्याला मोकळा करतो. त्याला स्क्रीन म्हणतात. फुटबॉलच्या नियमांनुसारही प्रत्येकाला आपल्या जागी उभे राहण्याचा हक्क आहे. चेंडू खेळण्याच्या अंतरात नसताना प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत मुद्दाम सरकणे, किंवा केव्हाही त्याला धरणे, हा मात्र गुन्हा. कॉर्नरच्या वेळी या फरकाचा पुरेपूर फायदा घेता येतो, कारण तेव्हा खेळ थांबलेला असतो, जागा आधी ठरवता येतात आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. गॅरेथ साउथगेट यांच्या इंग्लंड संघाने 2018 च्या विश्वचषकापूर्वी बास्केटबॉलमधल्या या युक्त्यांचा अभ्यास केला होता. स्पर्धेतल्या त्यांच्या 12 गोलांपैकी 9 पेनल्टी, कॉर्नर आणि फ्री-किकमधून आले. चालू खेळात मात्र स्क्रीन क्वचितच साधते, कारण सगळेच पळत असतात आणि आड येणाऱ्याला स्थिर उभे राहायला वेळ मिळत नाही.