इरावतीबाईंच्या कवट्या आणि बर्लिनचं एक सत्र

शेंगेन सीमेवर पासपोर्टावरचा शिक्का जाऊन बोटांचे ठसे आले, तेव्हापासून मुलांना सत्रभरासाठी युरोपला धाडणाऱ्या घरांत जरा घबराट आहे. ती सोडून द्यावी. ही नोंद पर्यटकांसारख्या अल्पमुदतीच्या प्रवाशांसाठी आहे. विद्यार्थी जातो दीर्घ मुदतीच्या राष्ट्रीय व्हिसावर, आणि त्याला ती लागू नाही. काळजी करायचीच तर कॅलेंडरची करा.

बर्लिनचंच घ्या. तिथलं उन्हाळी सत्र कागदोपत्री एप्रिल ते सप्टेंबर. तास मात्र एप्रिलच्या मध्याला सुरू होतात आणि जुलैत संपतात, म्हणजे जेमतेम चौदा आठवडे. त्यातले सुरुवातीचे दिवस पत्त्याची नोंदणी, बँक, विमा आणि खोलीची शोधाशोध यांत जातात. खोली मिळवण्याच्या बाबतीत बर्लिनने मुंबईला शिकवावं अशी स्थिती आहे. उरलेल्या आठवड्यांचं आपली पोरं काय करतात? शुक्रवारी दुपारी बस पकडतात. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. ‘चार महिन्यांत दहा देश’ हे इन्स्टाग्रामवर झकास दिसतं, पण माझ्या लेखी ती ट्रॅव्हल कंपनीची लांबलेली टूर झाली. सत्र गेलं वाया.

त्याऐवजी एखाद्या सकाळी यू-3 मेट्रोने डालेमला जावं. इनेश्ट्रासे 22 या पत्त्यावर एक जुनी इमारत आहे. आज ती फ्री विद्यापीठाकडे आहे, राज्यशास्त्राची मुलं तिथे ये-जा करत असतात. 1927 मध्ये तिथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली आणि लवकरच पुण्याच्या इरावती कर्वे तिथे ओयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजू लागल्या. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक गोऱ्या लोकांत जास्त असतो आणि त्यांच्या बुद्धीचं रहस्य त्यात आहे, अशी त्यांची अटकळ होती. ती तपासायचं काम या विद्यार्थिनीकडे आलं. बाईंनी एकेक कवटी हातात घेऊन मापं टिपली, आकडे मांडले आणि निष्कर्ष लिहिला: या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, परक्या देशात, जर्मन भाषेत. 1930 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. संस्थेचा पुढचा इतिहास काळाकुट्ट आहे; आउश्वित्झच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर मेंगेले इथेच माणसांचे अवयव पाठवत असे. 2014 मध्ये आवाराजवळ खोदकाम करताना मानवी हाडं सापडली आणि 2023 मध्ये त्यांचं दफन झालं.

इरावतीबाईंचं ‘युगान्त’ वाचलेल्या मुलांना या दारापर्यंत कुणी नेत नाही, याचं मला नवल वाटतं. ब्रांडेनबुर्ग गेटसमोर सेल्फी काढायला मात्र सगळे जातात.

इरावतीबाईंचा धडा आजही कामाला येतो, कारण तिथल्या सेमिनारमध्ये गप्प बसलेल्या हुशार मुलाची किंमत शून्य. वेळापत्रकात दहाच्या पुढे ‘सी.टी.’ असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. आधी नेमून दिलेलं वाचून आलेली पंधरा-वीस मुलं गोल बसतात आणि प्राध्यापकांचं म्हणणं खोडून काढण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तास संपला की टाळ्या नाहीत; बोटांची पेरं बाकावर ठकठक वाजवतात. आपल्या मुलाला पहिल्या दिवशी वाटतं, भांडण झालं की काय! प्राध्यापकांच्या भेटीची वेळ ठरलेली असते. ‘सरांना कशाला त्रास’ म्हणून ती फुकट घालवू नये.

पैशाचं थोडक्यात. व्हिसासाठी महिन्याला 992 युरो दाखवावे लागतात आणि बर्लिनमध्ये खोली महाग पडली तर ते पुरत नाहीत. देशभर चालणारं लोकल प्रवासाचं तिकीट जानेवारी 2026 पासून 63 युरोंवर गेलंय. विद्यापीठाच्या सत्र-तिकिटाला त्याच्या साठ टक्के पडतात. महिन्याच्या पहिल्या रविवारची मोफत संग्रहालयं 2024 च्या शेवटी पैशाअभावी बंद झाली, तेव्हा जुने ब्लॉग वाचून बेत आखू नका. शाकाहारी मुलांच्या आयांनी मात्र निर्धास्त असावं: बर्लिनच्या विद्यापीठांच्या मेन्सांनी, म्हणजे कॅन्टीननी, 2021 मध्येच मांस-मासे जवळजवळ हद्दपार केले. फोडणीचं वरण तेवढं मिळणार नाही.

खरी मेख परतीच्या तिकिटात आहे. जुलैअखेरीचं स्वस्त तिकीट आधीच काढून ठेवतात, आणि नंतर कळतं की बऱ्याच विषयांचे गुण पंधरा-वीस पानी निबंधावर आहेत, आणि तो द्यायचाय ऑगस्ट-सप्टेंबरात. ग्रंथालय बर्लिनला, पोरगं कोथरूडला. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाची ही तारीख विचारून घ्या, मगच तिकीट काढा.

आणि निघण्यापूर्वी आपल्या कॉलेजकडून तिथले कोणते विषय आणि किती क्रेडिट ग्राह्य धरणार, हे सहीशिक्क्यानिशी लेखी घ्या. ‘आल्यावर बघू’ या तोंडी शब्दावर विमानात बसू नका.