बारा हजार रुपयांची सरहद्द

देशादेशांच्या सीमा नद्यांनी, पर्वतांनी आणि तहनाम्यांनी ठरतात असे शाळेतल्या भूगोलाने आपल्याला शिकविलेले असते. परंतु नकाशांचा नाद लागलेल्या माणसाच्या थोड्याच काळात ध्यानात येते की, भूतलावरील ज्या सीमा सर्वांत विलक्षण, त्यांच्या मुळाशी बहुधा कोण्या कारकुनाने केलेली महसुलाची नोंदच असते. नेदरलँड्सच्या पोटात विखुरलेले बेल्जियमचे बार्ले गाव घ्या. 1198 साली ब्राबांटच्या ड्यूकाने ब्रेडाच्या सरदाराला तेथली जमीन दिली, मात्र वसूल देणारी वहिवाटीची शेते स्वतःकडे राखली. त्याचे आज 22 तुकडे झाले असून घराचा दर्शनी दरवाजा ज्या देशात, त्या देशाचे घर, असा तेथला रिवाज आहे. प्रवासवर्णनांतून हे गाव इतके गाजले आहे की, त्यावर अधिक शाई खर्च करण्याची मला हौस नाही.

कूचबिहारच्या ‘छिटमहालां’चेही, म्हणजे परमुलखात अडकलेल्या तुकड्यांचेही, तसेच. तेथला महाराजा व रंगपूरचा मोगल फौजदार पटावर गावे पणाला लावीत, ही आख्यायिका ऐकायला गोड. इतिहास मात्र असा की, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या तहाने तीन चकले मोगलांकडे गेले, तरी त्यांतली काही गावे राजाच्या सरदारांनी सोडली नाहीत आणि राज्यातली काही मोगल शिपायांनी सोडली नाहीत. फाळणीनंतर याच जमाबंदीचा आंतरराष्ट्रीय प्रश्न झाला. पुढे बांगलादेशात भारताचे 111 आणि भारतात बांगलादेशाचे 51 तुकडे उरले. त्यांतल्या दहाला खागराबाडी या तागाच्या शेताची तऱ्हा तर अशी की, ते भारताचे, बांगलादेशी तुकड्याच्या पोटात, तो तुकडा भारतीय तुकड्याच्या पोटात आणि तो बांगलादेशात! मुलाला शाळेत घालायचे तर पलीकडच्या गावातला कोणीतरी कागदोपत्री बाप करावा लागे. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री या तुकड्यांची अदलाबदल होऊन तो प्रकार संपला.

परंतु वर्षानुवर्षे माझे मन ज्या तुकड्यात गुंतून राहिले आहे तो आपल्या उंबरठ्याशी आहे, आणि त्याचा जन्मही पुणे दरबाराच्या कागदांतूनच झाला: दादरा आणि नगर हवेली. 1779 साली, इंग्रजांशी युद्ध पेटलेले असताना, पाच वर्षांच्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार पाहणाऱ्या मुत्सद्द्यांना फिरंग्यांचे सख्य हवे होते. मराठ्यांच्या आरमाराने धरलेल्या ‘सांताना’ जहाजाची भरपाई हेही एक कारण सांगतात. तहाच्या 17 व्या कलमाने दमणलगतच्या गावांतून सालीना 12,000 रुपये वसुलाचा मुलूख पोर्तुगीजांना नेमून देण्याचे ठरले आणि 1783 व 1785 च्या सनदांनी त्याप्रमाणे गावे लावून दिली. सरंजाम म्हणजे काय हे पेशवाईतल्या शेवटच्या शिरस्तेदारालाही पक्के ठाऊक होते: वसूल खा, पण धनी सरकारच. लिस्बनला हा भेद मानण्याचे कारण नव्हते, आणि 1818 नंतर आलेल्या इंग्रजाला तो उकरून काढण्यात स्वारस्य नव्हते. अशा रीतीने उत्पन्नाची नेमणूक कोणी काही न विचारल्यामुळे राज्य बनून बसली.

वापीहून सिल्वासाकडे जाताना हा इतिहास पायांखालून सरकतो. गुजरात संपते, दादरा लागते, पुन्हा गुजरातची एक चिंचोळी पट्टी येते आणि मग हवेली. सीमा कोठे ओलांडली हे कळण्यास पाटी पाहावी लागत नाही, कारण दारूबंदीच्या गुजरातेत न दिसणारी मद्याची दुकाने वेस ओलांडताच रांगेने उभी असतात. चहाच्या टपरीवर वारली, गुजराती आणि मराठी एकाच वाक्यात कानी पडते. एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी फिरंगी अंमलाविषयी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, साहेब दमणला, आम्ही इथे, आणि मधे दुसऱ्याचा मुलूख. साहेबाला यायचे तर आधी परवानगी!” पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जो वाद रंगला, त्याचे इतके चोख सार मला कायद्याच्या ग्रंथांतही सापडलेले नाही.

1954 च्या जुलैत स्वयंसेवकांनी दादरा मुक्त केले आणि 2 ऑगस्टला सिल्वासा. त्या स्वयंसेवकांत सुधीर फडके होते, आणि मोहिमेच्या खर्चासाठी लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. भावगीतांच्या जगाने एका सरहद्दीचा निकाल लावण्यास हातभार लावावा, हा योग इतिहासात विरळाच. दमणहून कुमक पाठवण्यास भारताने वाट दिली नाही. म्हणून पोर्तुगालने 1955 च्या डिसेंबरात हेगला फिर्याद गुदरली ती ‘मार्गाच्या हक्का’ची. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल सेटलवाड उभे राहिले, न्यायासनावर भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून मुंबईचे छागला बसले, आणि तहाचे मराठी व पोर्तुगीज मसुदे जगातल्या विद्वान न्यायाधीशांनी शब्द न् शब्द तपासले. नाना फडणीसांच्या काळचा कागद हेगच्या पीस पॅलेसमध्ये वाचला जात असताना तेथे हजर असावे, असे मला फार वाटते.

12 एप्रिल 1960 चा निकाल मला न्यायबुद्धीचा उत्तम नमुना वाटतो, जरी दोन्ही पक्षांनी तो आपापल्या विजयासारखा मिरवला. न्यायालयाने म्हटले की, मराठ्यांनी दिला तो महसूल, सार्वभौमत्व नव्हे. कारण जेथे मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे तेथे मराठ्यांच्या इतर तहांत तशी स्पष्ट भाषा आहे, 17 व्या कलमात ती नाही. तथापि इंग्रजांनी पोर्तुगीजांचे स्वामित्व मुकाट्याने मान्य केले, आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ साधी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांची ये-जा निर्वेध चालली, तेव्हा तेवढा हक्क रूढीने सिद्ध झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना मात्र दरवेळी परवानगी लागत असे. म्हणून तो हक्क नाही. हा शेवटचा मुद्दा 8 विरुद्ध 7 अशा एका मताने ठरला. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असेही बहुमताने सांगितले गेले.

1954 पासूनची सात वर्षे हा मुलूख ना पोर्तुगालच्या ताब्यात ना भारताच्या. वरिष्ठ पंचायत कारभार पाही. 1961 साली विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंसमोर सही करण्यास कोणी समकक्ष हवा, म्हणून बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले. 11 ऑगस्ट 1961 पासून ही भूमी भारताची झाली, आणि 2020 साली दमण-दीवशी जोडली गेली. हवेलीच्या पोटात मघवाल हे गुजरातचे गाव मात्र अजूनही तसेच आहे. तेथे जायला परवाना लागत नाही, फक्त पिशवीतली बाटली वेशीबाहेर ठेवून यावी लागते.