फटक्याचे बळ पायांत

टेनिसचा जोरदार फटका पाहिला की आपली दृष्टी खेळाडूच्या दंडावर खिळते. मुलाचा फटका दुबळा पडतो असे दिसताच पालक त्याला भारी किमतीची रॅकेट आणून देतात आणि मूल अधिक आवेशाने हात फिरवू लागते. चेंडू जाळ्यात जातो तो जातोच, शिवाय काही दिवसांनी कोपर दुखू लागते. या दुखण्याचे मूळ पुष्कळदा पायांत असते.

लाकूड फोडणारा मनुष्य कुऱ्हाड उचलण्यापूर्वी पाय रोवून उभा राहतो. बळ जमिनीपासून घ्यावयाचे असते, हे त्याचे शरीर जाणते. टेनिसमध्येही पाय जमिनीला रेटतात आणि जमीन तितक्याच जोराने शरीराला उलट रेटते. हे बळ पोटरी, मांडी, कंबर, धड, खांदा अशा क्रमाने वर चढत रॅकेटपर्यंत पोहोचते. विहिरीवरून रांगेने हातोहात घागरी पुढे द्याव्यात, तसा हा व्यवहार आहे. मधल्यांनी कुचराई केली की सारा भार शेवटच्या गड्यावर, म्हणजे हातावर पडतो.

पण पाय रोवण्यास वेळ कितीसा मिळतो? टेनिसचे मैदान 78 फूट लांब आणि एकेरीसाठी 27 फूट रुंद असते. ताशी 100 किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू हवेने व टप्प्याने मंदावला, तरी खेळाडूला सेकंद-सव्वा सेकंदाचाच अवधी मिळतो. म्हणून प्रतिस्पर्धी चेंडू मारीत असतानाच जागच्या जागी लहानशी उडी घ्यावी आणि गुडघे किंचित वाकवून चवड्यांवर उतरावे. असे केल्याने कोणत्याही दिशेस चटकन निघता येते. पहिली पावले लांब टाकावीत. चेंडू जवळ येताच ती आखूड करून त्याच्यापासूनचे अंतर बेतावे. उजव्या हाताने फोरहँड मारताना भार आधी उजव्या पायावर घ्यावा व फटक्याबरोबर डाव्या पायाकडे न्यावा. कंबर आधी वळावी, हात तिच्या मागून यावा. फटका मारून पाहत उभे न राहता लगेच आपल्या जागी परतावे.

सांगलीचे नंदू नाटेकर कुमारवयात टेनिस खेळत. पुढे ते बॅडमिंटनकडे वळले आणि 1956 साली क्वालालंपूर येथील स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्यांचे चिरंजीव गौरव यांनी टेनिस निवडले व 1994 च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेस यांच्यासह दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. या दोन खेळांत मनगटाचे काम निराळे आहे. चवड्यांवरची तयारी मात्र दोहोंना सारखीच लागते.

भोपाळ हे हॉकीचे गाव. वाकल्या गुडघ्यांनी भराभर पावले टाकण्याची सवय हॉकी खेळणाऱ्या मुलांना असतेच; टेनिसचा निम्मा धडा त्यांना आधीच आलेला असतो. इतरांसाठी आपली लंगडी, खो-खो आणि दोरीवरच्या उड्या आहेत. आणखी एक सोपा अभ्यास सांगतो. रॅकेट बाजूला ठेवावी. एकाने चेंडू डावी-उजवीकडे टाकावा, दुसऱ्याने धावत जाऊन एका टप्प्यानंतर तो कमरेच्या उंचीवर, शरीराच्या बाजूला व किंचित पुढे झेलावा. झेलताना तोल सावरलेला असला, तर पाय योग्य जागी पोहोचले असे समजावे. रोज दहा मिनिटे पुरेत; उन्हाळ्यात हा अभ्यास सकाळी लवकर उरकावा. कोपर किंवा गुडघा दुखत असेल, तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

टेनिसचे मैदान प्रत्येक मुलाच्या वाट्याला येत नाही, पण हा अभ्यास अंगणातही होतो. किरकोळ बांध्याच्या मुलाला ‘तुझ्या अंगात जोर नाही’ असे म्हणून खेळातून बाजूला काढण्यापूर्वी त्याची पावले एकदा नीट पाहावीत. पुष्कळदा त्याला हवा असलेला जोर तेथेच सापडतो.